एकोणतिसाव्या दिवसाची भांडी

पहाटे ४.४५

आमा-लांच्या घरात पहिलं काम पाण्याचं. देवघराच्या फळीवर सात पितळी वाट्या रात्रभर पालथ्या असतात. त्या एकेक उचलतात, फडक्यानं आतून पुसतात, सुलटी करतात. डावीकडून उजवीकडे ओळ लागते. दोन वाट्यांत जवाच्या दाण्याएवढं अंतर. पाणी काठापर्यंत नाही, काठाखाली पुन्हा दाण्याएवढी जागा सोडून. तांब्यातून धार पडते तेव्हा हात हलत नाही. वय पासष्टच्या आसपास, सांधे दुखतात, तरी धार सरळ पडते.

हे गोंदिया जिल्ह्यातलं गोठणगाव. तालुका अर्जुनी मोरगाव. इटियाडोह धरण जवळ, प्रतापगडचा डोंगर जवळ. इथली तिबेटी वसाहत १९७२ची, नाव नोरग्येलिंग. महाराष्ट्रातली ही एकच. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून जुने लोक अजूनही बाहेरगावी 'भंडारा कॅम्प' असंच सांगतात. आमा-ला म्हणजे आई. अख्खी वसाहत त्यांना याच नावानं हाक मारते, मीही तसंच म्हणतो.

आज तिबेटी वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा एकोणतिसावा दिवस, न्यिशुगु. परवा लोसार, म्हणजे नवं वर्ष. आज घर झाडायचं, धुरकट भिंती पुसायच्या, फळीवरचं प्रत्येक भांडं खाली उतरवायचं. रात्री जुन्या वर्षाची घाण मडक्यात घालून चौकात टाकायची.

५.३०

चहा. ठोकळ्याच्या चहाचा एक तुकडा सुरीनं तोडलेला. तो पाण्यात बराच वेळ उकळतो, पाणी काळपट होतं. मग मीठ, अमूल बटर, थोडं दूध. रोजचा चहा त्या मिक्सरमध्ये घुसळतात. तीस सेकंदांत होतो. आज मात्र दोंगमो काढलाय. लाकडी पट्ट्यांचं उभं नळकांडं, गुडघ्याच्या वर येणारं, पितळी कड्यांनी आवळलेलं. आत दांडा, दांड्याच्या टोकाला भोकं पाडलेली चकती. दांडा दाबताना चहा वर येतो आणि एक जाडसर, ओला आवाज होतो.

"लाकूड वाळतं इथं," आमा-ला सांगतात. "उन्हाळ्यात कडी सैल होते. मग गळतो. चार दिवस पाण्यात ठेवायचा, फुगला की बरोबर."

मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसला टेकतो. ज्या भांड्याचं लाकूड बर्फाळ पठारासाठी बेतलं, ते धानाच्या प्रदेशात तडकू नये म्हणून पाणी पिऊन बसतं.

या दोंगमोची एक गोष्ट सांगायलाच हवी. चीनमध्ये जिंगदेझेन नावाचं गाव आहे. चिनी मातीच्या भांड्यांचं जगातलं सगळ्यात मोठं नाव. तिथल्या कारागिरांनी याच लाकडी नळकांड्याचा आकार घेऊन चिनी मातीचे उंच सुरईवजा जग बनवले. आधी युआन काळात, पुढे कांगशी बादशहाच्या काळातही. लाकडावर पितळी कडी असतात म्हणून मातीवरही कड्यांसारखे उंचवटे काढले. मातीला आवळायची गरज नसते. तरी कडी आहेत.

७.१५

गोठणगावातली बाई कामाला आली. वर्षातले हे दोन दिवस ती येते. रोजी तीनशे आणि दुपारचं जेवण. रोजगार हमीवर याहून थोडे जास्त मिळतात, पण काम आत्ता निघालेलं नाही, आणि इथं मजुरी त्याच दिवशी हातात पडते. धान कापून झालंय, उन्हाळी धानाची रोवणी झालीय, निंदणाला अजून वेळ आहे.

ती साडीचा पदर डोक्याला आवळते. बांबूच्या काठीला झाडू बांधलेला. छताची कोळिष्टकं, चुलीमागची काजळी. आज सिलिंडर आहे, पण मागच्या पडवीत लाकडाची चूलही आहे, मोठं पातेलं तिच्यावरच चढतं. काजळी पाटीत जमा होते. ती फेकायची नाही. रात्रीसाठी ठेवायची.

८.३०

नाश्ता. लाकडी वाटीत चहाचा तळ, त्यात त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. बोटानं फिरवत मळून मुटका करायचा. जव इथं पिकत नाही, पीठ हिमाचलातून येतं आणि महाग पडतं, म्हणून रोज भात, सणाला त्साम्पा. वाटी ज्याची त्याची. आमा-लांची त्यांच्या आईची होती. तिच्या आतला रंग आता मधासारखा झालाय.

९.३०

फळी उतरवायला सुरुवात झाली. मी इथं आलो तो याच कामासाठी.

आधी अॅल्युमिनियम आणि स्टील. हे अर्जुनीच्या बाजारातलं, त्याला कोणी जपत नाही. राख आणि काथ्या. मग तांब्याची चहादाणी, पितळी तोटी, तोटीच्या मुळाशी मकराचं तोंड. चिंच लावून घासायची. बाई चिंच लावते, आमा-ला तोटीच्या आत काडी घालतात. अर्धा तास एका चहादाणीला. आमा-ला म्हणतात, तोटी आतून हिरवी राहिली तर चहा कडवट लागतो.

मग कपांची पेटी. ही त्या बाईच्या हाती देत नाहीत. जमिनीवर गोधडी, गोधडीवर टॉवेल, टॉवेलवर परात, परातीत कोमट पाणी. एका वेळी एकच कप.

नवे सहा कप मुलानं दिल्लीहून आणले, मजनू का टीलामधून. मुलगा दर हिवाळ्यात स्वेटर विकायला जातो. माल लुधियानाचा, उधारीवर. ऑक्टोबरात फुटपाथवर दुकान लागतं, जानेवारीच्या शेवटी उठतं. यंदा थंडी कमी पडली. व्यापाऱ्याची उधारी फिटली, वर फार उरलं नाही. तरी कप आणले. पांढऱ्यावर निळा ड्रॅगन, वर झाकण, कडेला सोनेरी रेघ. तळाला निळा चौकोनी शिक्का. चिनी अक्षरं आमा-लांना येत नाहीत, मुलाला दुकानदारानं सांगितलं होतं: जिंगदेझेन.

मी तो कप हातात घेऊन बराच वेळ पाहिला. पातळ आहे, उजेडाकडे धरला की बोटांची सावली दिसते. सहाशे वर्षांपूर्वीही तिबेटी मठांतले सगळ्यात चांगले कप याच गावचे असत. मिंग घराण्याच्या योंगले बादशहानं तिबेटातल्या बड्या लामांना आमंत्रणं पाठवली. पाचवे कर्मापा, देशिन शेक्पा, १४०७ मध्ये नानजिंगला पोचले. त्या काळात भेटी म्हणून चिनी मातीची भांडी तिबेटकडे गेली. पुढे शुआनदे बादशहाच्या काळात जिंगदेझेनच्या भट्टीत असे वाडगे आणि उंच बुडाचे कप तयार झाले, ज्यांच्या काठाभोवती निळ्या तिबेटी अक्षरांत रात्रंदिवस कल्याण होवो अशी प्रार्थना फिरते. लिहिणारा कारागीर चिनी, अक्षरं तिबेटी.

तिबेटी भांड्यांवरच्या चिनी छापाबद्दल बोलताना लोक बहुधा एकच दिशा धरतात: तिकडून आलं, इकडे रुजलं. ड्रॅगन, ढग, कमळवेल, झाकणाचा कप, हे सगळं तिकडून आलं, खरंच आहे. चहासुद्धा तिकडूनच आला, सिचुआनच्या यान भागातून, ठोकळ्यांत बांधून, हमालांच्या पाठीवर आणि खेचरांवर. पण भांडी उलटही गेली. लामांच्या पिवळ्या टोपीसारखा पायऱ्यापायऱ्यांचा काठ असलेली सुरई हा तिबेटी धातूकामाचा आकार. जिंगदेझेननं ती पांढऱ्या मातीत केली, शुआनदेच्या काळात माणकासारख्या लाल झिलईत केली. तसली एक लाल सुरई आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिबेटी घरातल्या हातांनी कसं ओतायचं ते ठरवलं आणि बादशाही भट्टीनं ते ऐकलं. मला यातला हा भाग जास्त मोलाचा वाटतो.

पेटीत शेवटी चामड्याचा गोल डबा. कपाच्या मापाचा शिवलेला, कातडं काळं पडलंय. आमा-लांची आई १९५९ नंतर तिबेट सोडून भारतात येताना हा डबा कमरेला बांधून आली. चिनी मातीचा कप प्रवासात फुटू नये म्हणून असे डबे करत. आतला कप छोटा, पांढरा, थोडा पिवळसर. एका बाजूनं काठापासून तळापर्यंत तडा. तड्यावर बाहेरून चार धातूच्या बारीक टाचण्या. कारागीर दोन्ही बाजूंना अर्धवट भोकं पाडतो, टाचणी तापवून बसवतो, ती थंड होताना आवळते. पूर्वी चांगला कप फुटला तर टाकत नसत, असा शिवून घेत.

"यात पाणी थांबतं?" मी विचारलं.

आमा-लांनी परातीतलं पाणी त्यात भरलं. टॉवेलवर ठेवला. आम्ही पाहत राहिलो. टॉवेल कोरडा.

कपाखाली चांदीची बैठक होती, वर चांदीचं टोकदार झाकण. ते दोन्ही हिमालयातल्या रस्त्याच्या कामावर असताना विकले. तेव्हा तिबेटी बायका-माणसं पोटासाठी डोंगर फोडत, आणि आमा-लांचा जन्म तशाच एका मजूर छावणीतला. चांदी पिठाला गेली. कपाला कोणी गिऱ्हाईक नव्हतं, तडा होता ना.

१२.३०

भात, वरण, मुळ्याची भाजी. ऊन तापलंय. बाईनं भांडी उन्हात पालथी घातलीत, अंगण डोळ्यांत खुपतं. जेवणानंतर कोणी आडवं होत नाही.

१.१५

अडचण अशी की घरात फुटकं मडकं नाही. रात्रीच्या विधीला जुनं, तडकलेलं मातीचं भांडं लागतं. स्टीलचं कोण टाकणार? पूर्वी प्रत्येक घरात एखादं तरी तडकलेलं असायचंच.

महाशिवरात्र कालच झाली. प्रतापगडची यात्रा अजून उठलेली नाही, मडकं तिथं मिळेल. डोंगरावर महादेव, दर्गाही तिथंच, गर्दी दोन्हीकडची. तिबेटी वर्षाची अखेर आणि महाशिवरात्र बहुतेक वर्षी एकमेकींना लागूनच येतात, दोन्ही त्याच अमावास्येला चिकटलेल्या. ऑटोत सीटचे वीस रुपये. आमा-लांच्या मांडीवर रिकामी पिशवी आणि दोन वर्तमानपत्रं.

कुंभारांची दुकानं रस्त्याच्या उतरणीला. घागरी, गाडगी, येळण्या, दिवे, पोरांसाठी पाखरांच्या शिट्ट्या. तणसावर मांडलेलं सगळं. आमा-लांनी एक घागर उचलली, बोटाच्या सांध्यानं वाजवली. टणकन आवाज आला. दुसरी वाजवली, ती बोदी वाजली. ती बाजूला ठेवली.

"ही केवढ्याला?"

"सव्वाशे. तुमाले शंभर घेईन, मावशी."

"आणि एक फुटकं दे, भाऊ."

"फुटकं कायले वो? शकुनाचं नाई ते."

"आम्हाला आज फुटकंच लागतं."

त्यानं मागच्या ढिगातून एक गाडगं काढलं, काठाला चीर गेलेलं. पैसे नको म्हणाला. आमा-लांनी दहाची नोट त्याच्या तणसाखाली खोचली.

तो माती मामा तलावातली आणतो. जुन्या मालगुजारी तलावांना इथं मामा तलाव म्हणतात, हा जिल्हाच तलावांचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो. पूर्वी बैलगाडी होती, आता ट्रॅक्टरच्या फेरीचे पैसे मोजावे लागतात. माती भिजवायची, खडे वेचायचे, राख मिसळून तुडवायची. चाक आता मोटारीवर. पण चाकावर नुसतं तोंड आणि खांदा होतो. पोट थापटून वाढवायचं. आतून डाव्या हातात दगडी गोळा, बाहेरून उजव्या हातात लाकडी थापी. थाप थाप, फिरवत, भिंत पातळ होईपर्यंत. आवा लावायला गोवऱ्या, तणीस, धानाचा कोंडा. धानाचं गाव, तेव्हा कोंडा मिळतो, पण आता राईस मिलवालेही त्याचे पैसे घेतात. दहा मडक्यांत एखादं-दुसरं तडकतंच.

आमा-ला उभ्या राहून त्याचा हात पाहत होत्या. त्यानं एक कच्चं गाडगं मांडीवर घेऊन थापटून दाखवलं.

"आमची आई सांगायची," त्या म्हणाल्या, "तिकडं पण असंच. आतून दगड, बाहेरून लाकूड."

तिबेटात कुंभारकाम अजूनही आहे. ल्हासाच्या पूर्वेला मेल्ड्रो गुंगकरकडची मातीची भांडी नावाजलेली. तिथं फळी किंवा साधी हातानं फिरवायची चकती, मातीच्या वळ्या, थापी, आणि भट्टीऐवजी उघड्यावर शेणाच्या जाळात भाजणं. मग भांडी गाढवांवर लादून गावोगाव, जवाच्या बदल्यात. चहादाणी, शेगडी, छांगची, म्हणजे घरी आंबवलेल्या दारूची, सुरई, दिव्यांचे द्रोण. पुष्कळ आकार धातूवरून उतरलेले, तोटीला ड्रॅगनचं तोंड, पोटावर चिकटवलेली मातीची फुलं. आणि चीन-तिबेटमधला हा ओघ फार जुना आहे. पूर्व तिबेटात चामदोजवळ कारो इथं १९७८-७९ मध्ये उत्खनन झालं, तिथली चार-पाच हजार वर्षांपूर्वीची खापरं पीत नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या खापरांशी नातं सांगतात. तेव्हा ना बादशहा होता, ना चहा.

"तिकडं चाक नाई?" कुंभारानं विचारलं.

"आहे. हळू फिरतं."

"मंग बरं हाय. बिल नाई येत."

३.४५

घरी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली घागर आधी पाण्यात. नवी माती तहानलेली असते, एक रात्र पाणी पाजल्याशिवाय तिच्यात काही भरायचं नाही. पुढच्या छांगसाठी आहे ती. लोसारची छांग आधीच लावलेली, मागच्या खोलीत, याच कुंभाराकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या घागरीत. इथल्याच तांदळाचा भात, त्यात खमीर कुस्करून, कापडानं तोंड बांधून, घागरीला गोधडी गुंडाळून. आमा-लांनी कापड सोडलं. गोडसर आंबूस वास आला. बोट बुडवून चाटलं, मान हलवली, पुन्हा बांधलं.

"स्टीलमध्ये होते, पण वास येतो," त्या म्हणाल्या. "मातीत बरी."

बाई निघाली. तीनशे, वर चार खाप्से, म्हणजे लोसारचं तळण, पुडीत. "आमा, पोरायले आवडते हे," ती म्हणाली. आमा-लांनी आणखी दोन टाकले.

५.३०

सूर्य मावळायच्या आत सात वाट्या रिकाम्या करायच्या, सकाळच्या उलट, उजवीकडून डावीकडे. पाणी तुळशीसारख्या एका झाडाला. पुसून पालथ्या.

मग आमा-लांनी ओल्या पिठात बोटं बुडवून स्वयंपाकघराच्या पुसलेल्या भिंतीवर ठिपक्यांनी शंख काढला, मासे काढले, कलश काढला. आठ मंगल चिन्हांतली ही तीन. हीच आठ चिन्हं चिनी मातीच्या भांड्यांवर शतकानुशतकं रंगवली गेली. भारतातून तिबेटात, तिबेटातून चीनच्या भट्टीत, आणि आता या भिंतीवर तांदळाच्या पिठानं.

७.१०

गुथुक. नऊ जिनसांचा रस्सा: मुळा, वाटाणे, चीज, मांस, पालक वगैरे, आणि कणकेचे चिमटलेले तुकडे. सोबत काही मोठे गोळे, त्यांच्या पोटात चिठ्ठी किंवा वस्तू. लोकर निघाली तर मन मऊ, मिरची निघाली तर बडबड्या, कोळसा निघाला तर मन काळं. मुलाला मीठ आलं, म्हणजे आळशी. पाहुणा म्हणून मलाही एक गोळा मिळाला. मिरची.

प्रत्येकानं नऊ वेळा वाढून घ्यायचं असतं. वाडगे छोटे म्हणून जमतं. आणि प्रत्येकानं तळाला थोडं शिल्लक ठेवायचं, संपवायचं नाही.

८.४०

ते शिल्लक सगळं चीर गेलेल्या गाडग्यात. कणकेची एक बाहुली, तिला अंगावर जुन्या कापडाचा तुकडा. सकाळची काजळी. घरातल्या प्रत्येकानं कणकेचा मुटका अंगावरून फिरवून, दुखतं तिथं दाबून, त्यात टाकला. आमा-लांनी गुडघे दाबले. चिरेतून रस्सा झिरपायला लागला, मुलानं खाली पेपर धरला.

तणसाची मशाल मुलानं पेटवली. घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवली, बाहेर या, बाहेर या असं ओरडत. शेजारच्या घरांतूनही मशाली निघाल्या. फटाके वाजले, कुत्री भुंकली. वसाहतीच्या चौकात गाडगं ठेवलं, मशाल त्यावर टाकली, मागं न बघता सगळे परतले. चौकात सात-आठ गाडगी तरी होती. निम्म्याहून जास्त त्याच कुंभाराची असावीत, काठाचं वळण तसंच.

९.२०

आमा-ला दारात हिशेब सांगतात, मुलगा मोबाइलवर लिहितो. मजुरी तीनशे. ऑटो जाऊन-येऊन चाळीस. घागर शंभर. गाडगं दहा. बटर अजून एक पाकीट लागेल. चिंच उद्याला पुरेल.

"तिला सकाळी सातला ये म्हणून फोन कर," त्या म्हणतात. "अर्धे खाप्से तळायचे राहिलेत. आणि तेलाचा डबा आण, मोठा."